सहा मित्रांसाठी घरचे फ्रेंच जेवण

फ्रेंच जेवण घरी करायचे ठरले की आपले लक्ष प्रथम पदार्थांच्या अवघड नावांकडे जाते, आणि मग तीन दिवस पाककृती शोधण्यात जातात. फ्रान्समधल्या साध्या घरी मित्रांना जेवायला बोलावतात तेव्हा पदार्थ फार थोडे असतात, त्यांपैकी बरेचसे आदल्या दिवशी शिजवून ठेवलेले असतात आणि यजमान पाहुण्यांबरोबर पहिल्या घासापासून शेवटच्या कॉफीपर्यंत टेबलाशी बसलेला असतो. या शेवटच्या गोष्टीवर सगळे जेवण अवलंबून आहे, आणि आपल्या घरांत तीच सर्वांत अवघड जाते. पाहुण्यांची पाने वाढून झाली, आग्रह करून झाला, की मग कुठे यजमानीण स्वतःचे पान घेते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. म्हणून पुढे दिलेला बेत ‘पाहुणे आल्यानंतर स्वयंपाकघरात किती मिनिटे जातील’ या एकाच कसोटीवर निवडला आहे.

मी पुण्यात पहिल्यांदा असे जेवण केले तेव्हा ही कसोटी ठाऊक नव्हती. लहानशा ओव्हनमध्ये तीन पदार्थ पाळीपाळीने भाजण्याचा घाट घातला होता. पाहुणे साडेनऊपर्यंत खारे शेंगदाणे खात बसले आणि मी मात्र त्यांच्यापैकी एकाशीही धड चार वाक्ये बोललो नाही. आपल्या घरांतील ओव्हन बहुधा तीसेक लिटरचा असतो आणि त्यात एका वेळी एकच मोठे भांडे नीट भाजले जाते. तेव्हा ओव्हनचा पदार्थ एकच ठेवावा आणि बाकीचे गॅसवर किंवा थंडच करावे.

जेवणाचा क्रम

आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि सगळे एकाच वेळी समोर येते. फ्रेंच जेवणात जागेऐवजी वेळ ठरलेली असते. आधी आपेरितीफ, म्हणजे बसण्यापूर्वीचे पेय व तोंडात टाकायला काहीतरी. मग आँत्रे, म्हणजे पहिला हलका पदार्थ. मग प्ला, म्हणजे मुख्य पदार्थ. त्यानंतर हिरवे सॅलड, चीज, गोड आणि शेवटी कॉफी. अमेरिकेत ‘आँत्रे’ हा शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात, त्यामुळे इंग्रजी पाककृती वाचताना गोंधळ होतो. मूळ फ्रेंच अर्थ ‘प्रवेश’ असा आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे चूक होत नाही. गंमत अशी की, हा एकामागून एक वाढण्याचा प्रकार फ्रान्समध्येही फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथील श्रीमंतांच्या टेबलावर अनेक पदार्थ एकदमच मांडले जात. क्रमाने वाढण्याची पद्धत त्या शतकात रूढ झाली आणि तिला आजही ‘रशियन पद्धत’ म्हणतात. युनेस्कोने 2010 मध्ये फ्रेंच लोकांचे समारंभाचे जेवण अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा त्याच्या वर्णनात पदार्थांइतकेच महत्त्व या क्रमाला आणि एकत्र बसण्याला दिले गेले.

सहा ते आठ माणसे ही संख्या उत्तम, कारण तेवढ्यांत टेबलावर एकच गप्पा चालू शकतात. आमंत्रण देतानाच कोण मांसाहार करत नाही, कोणाला अंडे चालत नाही आणि कोणाला मद्य घातलेला पदार्थ चालणार नाही, हे विचारून घ्यावे. वाइन शिजवली की तिच्यातील सगळे मद्य उडून जाते हा समज बरोबर नाही; काही अंश उरतोच, म्हणून जो ते टाळतो त्याला आधी सांगणे हे यजमानाचे कर्तव्य आहे.

माझा बेत असा असतो: सुरुवातीला लाल मुळे व लोणी, मग किसलेल्या गाजराचे सॅलड, मुख्य पदार्थ म्हणून रेड वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी म्हणजे ‘कोक ओ व्हँ’ आणि सोबत बटाट्यांचे ‘ग्रातँ दोफिन्वा’, शाकाहारी मित्रांसाठी त्याच ग्रातँबरोबर ‘रातातुई’, नंतर हिरवे सॅलड, तीन प्रकारचे चीज आणि अंड्याविना चॉकलेटचा फेस. ग्रातँ सर्वांचे असल्यामुळे शाकाहारी पाहुण्याला वेगळी पंगत मांडल्यासारखे वाटत नाही. वाढायचे चमचे मात्र वेगळे ठेवावेत.

आदल्या दिवशीचे काम

कोक ओ व्हँ हा मुळात म्हाताऱ्या, निबर कोंबड्याचा पदार्थ आहे. तो मऊ व्हावा म्हणून वाइनमध्ये मुरवून बराच वेळ मंद आचेवर शिजवत. म्हणून आपल्याकडे गावठी कोंबडी मिळाली तर ती येथे अगदी योग्य ठरते. सहा जणांसाठी पावणेदोन किलो कोंबडी हाडांसकट आणि शक्य असल्यास साल न काढता, आठ-दहा मोठ्या तुकड्यांत कापून घ्यावी. कांदा, दोन गाजरे, चार लसूण पाकळ्या आणि वनस्पतींची एक जुडी यांच्यासह ती 750 मिलिलिटर कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, रेड वाइनमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये मुरवावी. नाशिककडची शिराझ किंवा काबेर्ने यासाठी पुरेशी चांगली असते; महाग बाटली पातेल्यात ओतण्यात काही अर्थ नाही, पण जी पिववणार नाही अशी वाइनही घालू नये. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे असावे. वाइन आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचे तांबे-पितळ टाळावे.

वनस्पतींची जुडी म्हणजे पार्सलीच्या काड्या, थाइमच्या दोन-तीन डहाळ्या आणि लॉरेलचे एक पान दोऱ्याने बांधून केलेला गुच्छ. येथे एक चूक हमखास होते. इंग्रजीत दोन्हींना ‘बे लीफ’ हे एकच नाव असल्यामुळे आपण लॉरेलऐवजी तमालपत्र टाकतो, पण तमालपत्र हे दालचिनीच्याच प्रजातीतील झाडाचे पान आहे आणि त्याचा वास रश्श्याला सरळ पुलावाकडे नेतो. लॉरेल न मिळाल्यास पान गाळावे, थाइम थोडा वाढवावा. आले, मिरची, गरम मसाला यांचा मोहही आवरावा. या रश्श्याची चव वाइन, लोणी आणि तळाशी धरलेल्या तांबूस थरातून येते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जेवणाच्या आदल्या दिवशी, तुकडे निथळून, कापडाने कोरडे करावेत. ओले तुकडे तांबूस होत नाहीत, नुसते वाफवले जातात. जाड बुडाच्या पातेल्यात तेल आणि थोडे लोणी घालून ते गर्दी न करता दोन-तीन घाण्यांत चांगले परतावेत आणि बाजूला काढावेत. त्याच पातेल्यात मुरवणातील भाज्या परताव्यात, दोन मोठे चमचे मैदा भुरभुरून मिनिटभर भाजावा, मग गाळलेली वाइन आणि वाटीभर चिकनचा स्टॉक ओतून लाकडी उलथन्याने तळ खरवडावा. वाइनला एक दणदणीत उकळी आल्यावर तुकडे परत सोडून, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर शिजवावे. ब्रॉयलर कोंबडी चाळीस मिनिटांत शिजते. गावठीला दीड ते दोन तास लागतात. कुकर लावू नये, कारण रस्सा आटत नाही आणि मांस दोऱ्यांसारखे सुटते. शेवटी तुकडे काढून रस्सा चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतका आटवावा आणि मीठ तेव्हाच पाहावे. आधी घातलेले मीठ आटल्यावर खारट होते.

सांबारसाठी मिळणारे वीसेक छोटे कांदे सोलून लोणी, चिमूटभर साखर आणि थोडे पाणी घालून चकचकीत होईपर्यंत वेगळे शिजवावेत, आणि पाव किलो मशरूम मोठ्या आचेवर वेगळे परतावेत. हे दोन्ही शेवटी घालावे. परंपरेने यात डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ते न घातल्यास मशरूम दुप्पट करावेत. गार झाल्यावर सगळे फ्रिजमध्ये ठेवावे. हा पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, आणि यजमानाला मोकळे ठेवणारा याहून चांगला गुण कोणत्याही पदार्थात नाही.

रातातुई ही नीसच्या परिसरातील उन्हाळी भाजी. अर्धा किलो वांगी, तीनशे ग्रॅम झुकिनी, दोन ढबू मिरच्या, दोन कांदे, अर्धा किलो टोमॅटो, लसूण आणि सढळ हाताने ऑलिव्ह तेल एवढेच तिला लागते. सर्व एकदम कढईत टाकले तर तिची मिसळभाजी होते. प्रत्येक भाजी वेगळी परतून मग टोमॅटोच्या रश्श्यात एकत्र आणावी आणि अर्धा तास मंद शिजवावी. तुकडे ओळखू आले पाहिजेत. तीही आदल्या दिवशीच करावी, आणि कोमट वाढली तरी उत्तम लागते.

गोडासाठी फ्रेंच घरांत अंड्यांचे चॉकलेट मूस सर्रास होते, पण त्यात अंडी कच्ची असतात आणि आपल्या मित्रमंडळींत अंडे न खाणारा एक तरी असतोच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्व्हे थिस यांनी दाखवलेली रीत येथे कामाला येते: त्यात फक्त चॉकलेट आणि पाणी असते. सुमारे सत्तर टक्के कोकोचे 225 ग्रॅम डार्क चॉकलेट आणि 200 मिलिलिटर पाणी एकत्र करून मंद आचेवर एकजीव वितळवावे, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि फेटावे. चॉकलेटमधील स्निग्धांश गार होताना हवेचे बुडबुडे धरून ठेवतो आणि काही मिनिटांत फेटलेल्या क्रीमसारखा फेस होतो. तो खरा गोळीबंद होण्याआधी, रवीच्या खुणा टिकू लागताच, थांबावे. जास्त फेटून दाणेदार झाला तर घाबरू नये. पुन्हा वितळवून पुन्हा फेटता येतो. अजिबात घट्ट न झाल्यास थोडे चॉकलेट वाढवून हेच करावे. लहान वाट्यांत भरून झाकून ठेवावे.

त्या दिवशीचे काम

ग्रातँ दोफिन्वा हे आल्प्सलगतच्या दोफिने या जुन्या प्रांताचे नाव घेऊन आलेले आहे. त्याचा पहिला ज्ञात उल्लेख गाप या गावी 12 जुलै 1788 रोजी दिलेल्या एका जेवणाच्या संदर्भात येतो. त्यात चीज नसते. पाककृतींत सर्रास आढळणारे किसलेले चीज ही नंतरची भर आहे आणि माझ्या मते ती बटाट्यावर अन्याय करते. सव्वा किलो बटाटे सोलून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि त्या चकत्या धुऊ नयेत. वेफर्स करताना आपण ज्या पिठूळपणाला पाण्यात घालवतो, तोच येथे दूध दाट करतो. अर्धा लिटर दूध, 400 मिलिलिटर क्रीम, मीठ, मिरपूड आणि किसलेले जायफळ यांत चकत्या दहा मिनिटे मंद उकळाव्यात. डब्यात मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश पंचवीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फ्रेंच क्रीमपेक्षा कमी असतो, आणि ते ओव्हनमध्ये फाटू शकते. आधी चकत्यांबरोबर उकळल्यास पिष्ट त्याला सांभाळून घेते. मग लसूण चोळलेल्या, लोणी लावलेल्या पसरट भांड्यात ओतून 160 अंशांवर सुमारे तासभर, वरचा थर सोनेरी होईपर्यंत भाजावे. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे, नाहीतर वाढताना सगळे ओघळते.

गाजराचे सॅलड म्हणजे ‘कारॉत रापे’. ते फ्रान्समध्ये शाळेच्या खानावळीपासून घरापर्यंत सगळीकडे असते आणि दिसायला आपल्या कोशिंबिरीची चुलत बहीण आहे. दाण्याचे कूट आणि फोडणी तेवढी नाही. अर्धा किलो गाजरे बारीक किसून त्यांवर व्हिनेग्रेत घालावे. व्हिनेग्रेतचे प्रमाण एक भाग व्हिनेगर किंवा लिंबूरस आणि तीन भाग तेल असे असते. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी व्हिनेगरमध्ये विरघळवावे, मग चमचाभर दिजाँ मोहरी (वाटलेल्या मोहरीची फ्रेंच चटणी) आणि शेवटी धारेने तेल घालत फेटावे. दिजाँ मोहरी नसल्यास आपली फेसलेली मोहरी अगदी थोडी चालते, पण ती नाकात जाते हे ध्यानात ठेवावे. हिरव्या सॅलडलाही हेच व्हिनेग्रेत. पाने पूर्ण कोरडी असावीत आणि ते वाढण्याच्या क्षणीच घालावे. पाने वरखाली करून माखवण्याच्या क्रियेला फ्रेंचमध्ये सॅलडला ‘दमवणे’ म्हणतात, पण दमलेले सॅलड पाच मिनिटांत खरोखरच मान टाकते.

बॅगेट त्याच दिवशी आणावी. फ्रान्समध्ये ‘पारंपरिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांपलीकडे जवळजवळ काहीच नसावे असा नियम 1993 पासून आहे, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत वाळते. आपल्या बेकरीची दमट हवेत मऊ पडते. दोन्हींवर उपाय एकच: हाताने पाणी शिंपडून 200 अंशांवर पाच मिनिटे तापवावी. ग्रातँ बाहेर आले की ओव्हन त्यासाठी मोकळाच असतो. पाव ताटलीत ठेवत नाहीत, सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात, आणि त्याचे तुकडे हाताने मोडतात.

बशा मोजून ठेवाव्यात. सहा जणांना आँत्रेच्या सहा, मुख्य पदार्थाच्या सहा, चीजच्या सहा आणि गोडाच्या वाट्या सहा लागतात; तितक्या नसतील तर गाजराच्या बशा मुख्य पदार्थ चालू असतानाच विसळून चीजसाठी घ्याव्यात. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे धार आत करून. फ्रेंच मांडणीत काट्याची टोके टेबलाकडे वळलेली असतात. यजमान दांपत्य टेबलाच्या दोन टोकांना बसण्याऐवजी लांब बाजूंच्या मध्यभागी समोरासमोर बसते आणि पाहुण्या जोडप्यांना शेजारी बसवत नाहीत. ते घरी एकमेकांशी बोलतातच.

पाहुणे आल्यानंतर

साडेसातचे आमंत्रण असेल तर फ्रान्समध्ये दहा-पंधरा मिनिटे उशिरा येणे सभ्यपणाचे आणि लवकर येणे गैरसोयीचे समजतात. आपल्याकडे या उशिराची सोय वेगळी करावी लागत नाही. सव्वासातला ग्रातँ ओव्हनमध्ये सरकवावे आणि चीज फ्रिजमधून बाहेर काढायची वेळ ठरवावी: फ्रान्सच्या हवेत त्याला तासभर लागतो, पुण्याच्या मे महिन्यात अर्धा तास पुरे.

आपेरितीफला लाल गोल मुळे, गार लोणी आणि जाड मीठ ठेवावे. मुळ्याला लोणी लावून मिठात बुडवून खातात. वाइन घेणाऱ्यांना नाशिकची शेनँ ब्लाँ द्यावी. ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधील ल्वार खोऱ्याची आहे. न घेणाऱ्यांसाठी ‘सित्राँ प्रेसे’ करावे: पेल्यात लिंबाचा रस, शेजारी गार पाणी आणि साखर वेगळी, ज्याने त्याने आपापल्या चवीने मिसळायची. पॅरिसच्या कॅफेत मिळणारे हे पेय म्हणजे आपले लिंबू सरबतच, फक्त सगळे काम गिऱ्हाइकाकडे.

कोंबडी या वेळात मंद आचेवर तापत ठेवावी. सव्वाआठला गाजर, पावणेनऊला कोंबडी आणि ग्रातँ. येथे आग्रह आवरावा. मुख्य पदार्थ दुसऱ्यांदा फिरवावा, पण चीजचे ताट एकदाच फिरते. पुन्हा विचारणे म्हणजे पाहुण्याचे पोट आधी भरले नाही असे सुचवणे. दोन पदार्थांमध्ये दहा-पंधरा मिनिटे रिकामी गेली तर ती जाऊ द्यावीत. आपल्याला ती खटकतात आणि आपण उठून काहीतरी आणायला धावतो, पण गप्पा रंगतात त्या तेवढ्याच वेळात.

चीज तीन प्रकारचे असावे: एक मऊ सालीचे, जसे कामाँबेर किंवा ब्री, एक कठीण, जसे काँते, आणि एक निळ्या बुरशीचे किंवा शेळीच्या दुधाचे. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील, दूध गोठवणारे रेनेट असते, म्हणून शाकाहारी मित्रांसाठी हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलचे आणि कोडाइकनालचे चीज आता मोठ्या शहरांत मिळते. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचे टोक कापून घेणे हा फ्रेंच टेबलावरचा मोठा असभ्यपणा आहे, कारण सर्वांत मऊ भाग तेथेच असतो; लांबीच्या दिशेने काप घ्यावा, म्हणजे साल आणि गाभा सर्वांच्या वाट्याला सारखे येतात.

गोडाबरोबर कॉफी आणू नये. वाट्या रिकाम्या झाल्यावर, हवे तर टेबलावरून उठून खुर्च्यांवर बसल्यावर, लहान कपांत काळी कॉफी द्यावी. रात्री कॉफी नको असणाऱ्यांना गवती चहा आणि पुदिना यांचा बिनदुधाचा काढा चालतो. फ्रान्समध्ये त्या जागी वर्बिनाच्या पानांचा असतो. भांडी तशीच राहू द्यावीत.

उरलेला रस्सा मात्र रात्रीच गाळून फ्रिजमध्ये ठेवावा. बर्गंडीत रेड वाइनच्या अशा रश्श्यात पाण्यात फोडून शिजवलेली (पोच्ड) अंडी सोडून, लसूण चोळलेल्या भाजक्या पावावर खातात. त्या पदार्थाला ‘आँ म्यरेत’ पद्धतीची अंडी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकलेल्या यजमानासाठी दहा मिनिटांत तयार होणारी ती न्याहारी आहे.